फ्रीजमधलं सॅक्सिफ्रेज

डहाणूच्या मसोलीत आमच्या आळीत गेल्या उन्हाळ्यात एक बातमी फिरत होती, की ही बाई फ्रीजमध्ये झाड ठेवते. बातमी खरी होती. शेजारणी काहीतरी निमित्त काढून यायच्या, विरजण आहे का, थोडा बर्फ मिळेल का, आणि माझ्या खांद्यावरून आत डोकवायच्या. आत खाली, जिथे एरवी भाजी असते तिथे, मातीची एक पसरट थाळी होती. थाळीत चपट्या दगडांचे तुकडे उभे रोवलेले, आणि त्यांच्या फटीत मुठीएवढी एक करडी-हिरवी, टणक उशी. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की ते माझ्या ताईचं आहे आणि त्याला हात लावायचा नाही.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या वेण्या तिनेच घातल्या आणि पाठीत धपाटेही तिनेच घातले. मग लग्न होऊन ती जी हिमाचलात गेली ती तिथलीच झाली. भावोजी डोंगरात रस्ते बांधायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर लोक खाली उतरतात, हे दोघं आणखी वर चढले आणि एका गावाच्या टोकाला घर करून राहिले. घरामागच्या उतारावर ताईने दगडांची बाग केली होती. म्हणजे आधी दगड, आणि मग दगडांच्या फटीत फुलं. मी एकदाच गेले होते. चार पायऱ्या चढले की मला धाप लागायची, आणि ही बया त्या उतारावर उकिडवी बसून चिमट्याने गवत उपटत असायची.

भावोजी गेले आणि पुढच्याच हिवाळ्याच्या तोंडी तिच्या छातीने दगा दिला, बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत तिला खालच्या इस्पितळात आणावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इतक्या उंचीवर आता राहायचं नाही, आणखी एक हिवाळा झेपणार नाही. जानेवारीत ती माझ्याकडे आली. डहाणू रोडच्या फलाटावर उतरली तेव्हा सामान हमालाकडे होतं आणि ही थाळी मात्र ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिने छातीशी धरलेली. पहिलं वाक्य बोलली ते, "हिला धक्का लावू नकोस." आणि रिक्षात बसल्यावर दुसरं, "मे महिन्यात रस्ता मोकळा झाला की मी परत जाणार आहे. डॉक्टरांचं काय, बोलायला काय जातं."

ती परत वर गेली तर तिथे मरणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. माझा नवरा जाऊन काही वर्षं झाली, मुलगी बडोद्याला तिच्या संसारात. संध्याकाळी दिवा लावला की घरात बोलायला मी आणि टीव्ही. मला ताईला जाऊ द्यायचं नव्हतं. तिच्यासाठी नव्हतं, आणि खरं सांगते, माझ्यासाठीही नव्हतं.

त्या उशीचं नाव सॅक्सिफ्रेज. दगड फोडणारं, असा त्याचा अर्थ आहे म्हणे. ताई म्हणायची, "नावावर जाऊ नकोस. ते काही फोडतबिडत नाही. खडकाला आधीच तडा गेलेला असतो, तिथे हे जाऊन बसतं." वर डोंगरात झाडं संपतात, मग झुडपं संपतात, गवतही विरळ होत जातं, त्याच्याही पलीकडे हे खडकाला धरून राहतं. वारा लागू नये म्हणून उंच वाढत नाही. पानांची बारीक बारीक फुलं वळावीत तशी ती पानं एकमेकांना इतकी बिलगलेली, की मध्ये सुईसुद्धा शिरायची नाही. प्रत्येक पानाच्या कडेला चुन्याचे पांढरे कण, त्यामुळे सगळं रूप जरासं चांदीवर गेलेलं.

"हिला काही देऊ नकोस," ताई बजावायची. "खत नको, माती नको, लाड नकोत. थंडी दे, उजेड दे, आणि पाणी आलं तसं निघून जाऊ दे." मला हे पटायचंच नाही. आमच्याकडे ज्याच्यावर जीव त्याच्या पुढ्यात ताट. चिकूला शेणखत, कडीपत्त्याला मासळीचं पाणी, माणसाला आणखी अर्धी भाकरी. काही न देता एखाद्याला जपायचं म्हणजे नक्की करायचं काय, हे मला तिने कितीदा सांगितलं तरी माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

जानेवारीत आमच्याकडे सकाळी बरा गारवा असतो. विहिरीच्या कडेला सावलीत ती उशी मजेत होती. ताई मात्र नव्हती. दिवसभर खिडकीपाशी बसायची, विचारलं तर "काही नाही गं", जेवायला बसली की दोन घास खाऊन हात धुवायची. म्हटलं, हिला दगडच हवेत ना, आणू या दगड. डोंगर तिच्याकडे आणता आला तर कदाचित ती डोंगराकडे जायची नाही, असा माझा साधा हिशेब होता.

तलासरीकडच्या एका पाड्यावर ओळखीचा एक शेतकरी होता. त्याच्या शेतातून वेचून बांधावर टाकलेल्या दगडांचा मोठा ढीग होता. खाणीतले दगड ताईला नको होते. "ताजा फोडलेला दगड कच्चा दिसतो, पाऊस खाल्लेला हवा," म्हणाली. मी टेम्पो ठरवला आणि आम्ही निघालो. चारोटीला चहाला थांबलो तर तिने आपणहून वडापाव मागितला आणि सगळा खाल्ला. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर येतेय.

पाड्यावर ती सकाळभर दगड उलटेपालटे करत हिंडली. एकेक दगड पालथा करून बघायची, मुलगी बघायला आलेल्या सासूसारखी. शेतकरी आणि त्याची बायको बाजूला उभे राहून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून हसत होते. मी विचारलं काय झालं, तर तो म्हणाला, "ही म्हणते, आम्ही हे दगड फेकता फेकता म्हातारे झालो आणि या बाई गाडी करून न्यायला आल्या." ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. घरी आल्यापासून तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तेच नवरा-बायको आमच्या मागच्या अंगणात मजुरीवर दगड बसवायला आले आणि भांडण जुंपलं. आमच्या भागात जोत्याचा असो की पायरीचा, दगड बसवायचा तो बाहेर उतरता, म्हणजे पावसाचं पाणी पळून जातं. तो माणूस त्याच सवयीने बसवत गेला. ताईने सगळे उचकटायला लावले. तिला दगड तीनातले दोन भाग जमिनीत पुरलेला हवा, आणि कलता हवा तो आतल्या अंगाला, म्हणजे थेंब न् थेंब मुळाकडे जावा. तो अगदी आदराने म्हणाला, "ताई, तुम्ही आमचा पाऊस विसरलात वाटतं." ताई म्हणाली, "तू माझं झाड बघितलं नाहीस." शेवटी दगड ताईच्या मनासारखे कलले आणि खालून त्याच्या मनासारखा चर निघाला, दोघांचंही समाधान झालं. दिवसभर ती त्या मातीत बसून हुकूम सोडत होती. संध्याकाळी भात मागून घेतला.

फेब्रुवारीत त्या उशीला फुलं आली. बोटभर उंचीची देठं, वर पांढरी फुलं, आणि दोन-चार दिवसांनी त्या पांढऱ्यावर गुलाबी झाक. थाळी आम्ही नव्या दगडांच्या खोबणीत ठेवली होती. ताई त्यांच्यासमोर पाट टाकून बसली होती आणि चेहरा असा, की मला वेणी घालून घ्यायला तिच्यापुढे बसावंसं वाटलं. मी संधी साधली. म्हटलं, "हे इथे जगलं तर राहशील ना?" ती फुलांकडे बघत म्हणाली, "बघू." नाही म्हणाली नाही, एवढं मला पुरे झालं. त्या दिवसापासून मी कंबर कसली.

कारण मार्च काही थांबणार नव्हता. ऊन चढू लागलं तशी मी थाळी आधी न्हाणीघरात नेली, मग माठाशेजारी, आणि शेवटी सरळ फ्रीजमध्ये. फ्रीजचं दार लावलं की आतला दिवा विझतो, म्हणून सेलवर चालणारा एक छोटा दिवा आत लावून ठेवला. दिवसा झाड फ्रीजमध्ये, संध्याकाळी वारा सुटला की थोडा वेळ दगडांत, रात्री परत फ्रीजमध्ये. सकाळी उठल्यावर मी आधी फ्रीज उघडायचे आणि मग देवापुढे दिवा लावायचे.

त्याच सुमारास ताईला बाजारात चक्कर आली. डहाणूच्या बाजारात भाजी घेता घेता मटकन खाली बसली. कोणी पाणी दिलं, कोणी रिक्षा आणली, फार काही झालं नाही, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग तिच्या खोलीला एसी लागला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाजार बंद, देवळात जाणं बंद, मागच्या अंगणातही ऊन उतरल्याशिवाय जायचं नाही. तिने कुरकुर केली तर मी आवाज चढवायचे. लहानपणी तिने माझ्यावर आवाज चढवला होता, आता माझी पाळी, असं मी तिला म्हणायचेसुद्धा. ती म्हणायची, "वर बर्फात असताना एवढं कोंडून घेतलं नव्हतं गं." मी कानावरून घालवायचे. रोज संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने थाळी दगडांत ठेवायची, पाण्याचा बारीक फवारा मारायची, स्वतःच परत आत नेऊन ठेवायची, आणि मी लांबून ती चांदीची उशी बघून निश्चिंत व्हायचे.

आता आमच्या मासळीवालीबद्दल सांगायला हवं. बंदरावरची, वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारी. ती नुसती मासळी देऊन जात नाही. मागच्या पायरीवर बसते, मासळी साफ करून देते, गावभरच्या बातम्या सांगते, आणि उठताना मासळी धुतलेलं पाणी कडीपत्त्याच्या बुंध्याशी ओतते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. किनाऱ्यावरच्या बायका ते पाणी मोरीत टाकतच नाहीत, तो त्यांना माज वाटतो. तिच्या हातच्या त्या पाण्यावर आमचा कडीपत्ता छपराला लागलाय. मला ती बाय म्हणते, ताई आल्यापासून ताईला मोठी बाय.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी बँकेत गेले होते. परत आले आणि मागच्या दारी बघते तर काय, थाळी फ्रीजमधून बाहेर, पायरीवर, आणि मासळीवाली तिच्यात मांदेली धुतलेलं पाणी ओततेय. पाण्यात खवले, रक्त, सगळं. त्या उशीवर एक मांदेलीचं डोकं येऊन बसलेलं.

माझा पारा जो चढला. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. अक्कल आहे का, विचारायची पद्धत आहे का, एवढे महिने जिवापाड जपलं आणि तू त्याच्यावर घाण ओततेस, इथपर्यंत गेले. ती मासळीवाली कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. बाजारात तिच्याशी कोणी वाकडं बोललं तर अख्खी ओळ गप्प बसते. पण त्या दिवशी ती मान खाली घालून टोपली आवरत राहिली. एवढंच म्हणाली, "झाडाला काय तरी द्यावं म्हनून घातलं, बाय."

तेवढ्यात ताई आतून आली. "तिला का बोलतेस? घाल म्हणून मीच सांगितलं."

मला कळेचना. ताई पायरीवर बसली, थाळी जवळ ओढली आणि त्या उशीवर अंगठा दाबला. उशी आत गेली. आत सगळा भुसा होता, वाळलेला, बदामी. वरची चांदी तेवढी जशीच्या तशी. "मेलंय हे," ती म्हणाली. "होळीच्या आधीच मेलं. पाठीमागून वाळत आलं होतं. मी ती बाजू भिंतीकडे करून ठेवत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कशी सांगू? तू देवाच्या आधी फ्रीज उघडणारी. तूच म्हणालीस ना, हे जगलं तर राहशील ना म्हणून. हे गेलं म्हटलं असतं तर त्याच दिवसापासून तू माझी तिरडी बांधल्यासारखं तोंड करून बसली असतीस. म्हटलं, होईल तेवढे दिवस ढकलू. पण आज ही म्हणाली, मोठी बाय, एवढंसं झाड, कोन काय घालीत नाय त्याला, घालू का पानी? तर म्हटलं, घाल. मेलेल्याला किती दिवस औषधपाणी करायचं. निदान एकीच्या मनासारखं तरी होऊ दे."

म्हणजे मी जे झाड तिच्यासाठी जगवत होते, ते ती माझ्यासाठी जगवत होती, आणि झाड बिचारं कधीच सुटलं होतं. मला हसूही येईना आणि रडूही येईना. तोंडातून निघालं ते एवढंच, "म्हणजे तू जाणार."

ताईला बोलताना मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागतं. ती थांबली. मग म्हणाली, "जाणारच होते. वाटायचं, जे व्हायचं ते आपल्या घरात व्हावं. पण तू काय चालवलंयस ते बघ जरा. पडदे काय, एसी काय, रात्रंदिवस माझे पाय गरम लागतात का ते बघतेस. तिथे थंडीने मेले असते, इथे तुझ्या काळजीने मरेन. झाडाला तोंड नव्हतं, मला आहे. मी माणूस आहे गं. मला ऊन लागू दे, मला घाम येऊ दे, चक्कर आली तर बसेन मी खाली. पण आधी मला बाहेर जाऊ दे."

मासळीवालीने टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठी बाय, चल माझ्यासंगं बंदरावर. वारा हाय तिकडं." आणि ताई उठली. पायात चप्पल सरकवली आणि चालायला लागली. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. छत्री घे, पाणी घे, गोळी घेतलीस का, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ओठ दाबून उभी राहिले. कोपऱ्यावर त्या दोघी रिक्षात बसल्या, रिक्षा निघून गेली तरी मी उभीच होते. मग राहिलेली मांदेली मीच साफ केली.

ताई दुपारी आली ती लालबुंद, घामाने निथळत, केसांना सुक्या बोंबलांचा वास. पंख्याखाली आडवी पडली आणि तिथल्या बायकांच्या गोष्टी सांगता सांगता झोपून गेली. मासळीवालीची माफी मागायला मी दुसऱ्या दिवशी दारातच उभी होते. ती सरळ पुढच्या घरी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "बोलून घेतलंस ना, आता चाय ठेव." तेवढ्यावर ते मिटलं. एसी मात्र मी लगेच बंद केला नाही, ताईने केला. जाते की राहते, हे तिने सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटायची.

मे महिन्यात दुपारचा फोन आला. आम्ही दोघी मागच्या पायरीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलो होतो. वरच्या गावातली तिची शेजारीण होती. तिचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. रस्ता मोकळा झालाय, घर उघडून झाडून ठेवू का, कधी येतेयस. मी विळी सोडून फोडींकडे बघत राहिले. ताईने आधी बागेची चौकशी केली. कुठल्या फटीत काय फुललंय ते ती बाई सांगत गेली आणि ताई "हां, हां" करत ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "नहीं बहन, अब मैं नहीं आऊँगी. घर में तुम्हारे बेटा-बहू को रहने दो."

फोन ठेवून तिने कैरी उचलली. ती फोडायचं तिच्याने होईना. तशीच हातात धरून म्हणाली, "ते तिथे एकटे राहिले गं."

घरी आल्यापासून भावोजींचं नाव तिने काढलं नव्हतं. मीही काढलं नव्हतं, तिला त्रास नको म्हणून. आता ती रडायला लागली ती लहान मुलासारखी तोंड उघडून, श्वास पुरत नव्हता तरी रडत होती, घाम आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं होतं. माझे हात आपोआप उठले. पाणी आणावं, तिला आत न्यावं, पुरे आता म्हणावं. मी ते हात मांडीखाली दाबून धरले आणि सरकून तिच्या अंगाला अंग लावून बसले. तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं, आणि मी तिला रडू दिलं.